सेन नदीचं कालचं पाणी

पॅरिस ऑलिंपिकमधली पुरुषांची ट्रायथलॉन (पोहणं, सायकल आणि धावणं अशी शर्यत) 30 जुलै 2024 ला व्हायची होती. सेन नदीचं पाणी पोहण्याजोगं नाही म्हणून ती एक दिवस पुढे गेली. ‘1.4 अब्ज युरो खर्चून नदी घाण ती घाणच’ असा सूर लगेच निघाला. मला तो अर्धवट वाटतो.

जुन्या पॅरिसमध्ये सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच गटारातून वाहतं. मुसळधार पावसात गटारं भरून शहरात उलटू नयेत म्हणून ते मिश्रण नदीत सोडावं लागतं. ते साठवायला ऑस्टरलिट्झ स्टेशनजवळ जमिनीखाली सुमारे 50,000 घनमीटरची टाकी बांधली, पण फार मोठ्या पावसापुढे तीही अपुरी पडते. 26 जुलैच्या उद्घाटनाला तर पावसाने सगळ्यांना झोडपलं होतं.

स्पर्धा घ्यायची की नाही, हे मुख्यतः दोन आकडे ठरवतात. 100 मिलीलीटर पाण्यात ई. कोलाय हे जिवाणू 1000 च्या आत हवेत आणि एन्टेरोकोकाय हे आतड्यातलेच दुसरे जिवाणू 400 च्या आत. बहुतेक ई. कोलाय निरुपद्रवी असतात आणि ते आपल्या आतड्यात राहतातच. पण ते नदीत सापडले म्हणजे तिथे विष्ठा पोचली आहे, आणि तिच्यासोबत जुलाब-उलट्यांचे विषाणूही असू शकतात.

हे जिवाणू मोजायची एक प्रचलित पद्धत मला फार आवडते. 100 मिली पाण्यात एमयूजी नावाचं संयुग मिसळून ते 97 खळग्यांच्या बंद ट्रेमध्ये ओततात आणि 35 अंशांवर ठेवतात. ई. कोलायकडे बीटा-ग्लुकुरोनिडेज हे विकर (एन्झाइम) असतं. ते एमयूजी तोडतं आणि सुटलेला रेणू अतिनील दिव्याखाली निळा चमकतो. मात्र चमकणाऱ्या खळगीत सुरुवातीला एक जिवाणू होता की दहा, हे कळत नाही. म्हणून हिशेब न चमकलेल्या खळग्यांवरून करतात. खळग्या सारख्या असतील आणि निम्म्या अंधाऱ्या राहिल्या, तर संभाव्यतेच्या प्वासाँ सूत्रानुसार दर खळगीत सरासरी 0.69 जिवाणू होते. प्रत्यक्षात 49 खळग्या मोठ्या आणि 48 लहान असतात, त्यामुळे गणित थोडं लांबतं. सगळ्याच चमकल्या, तर नमुना पातळ करून पुन्हा तपासावा लागतो.

या सगळ्याला 18 ते 24 तास लागतात. म्हणजे हातात येतो तो कालच्या पाण्याचा आकडा! तोवर ते पाणी पुढे वाहून गेलेलं असतं. ऊन पडलं तर अतिनील किरणांनी जिवाणूंचा डीएनए बिघडून आकडा झपाट्याने उतरतो आणि पुन्हा पाऊस आला तर चढतो. 31 जुलैला महिला आणि पुरुष दोघांच्याही शर्यती त्याच नदीत झाल्या.

पोहून आल्यावर कोला प्यायला की जंतू मरतात, अशी समजूत खुद्द खेळाडूंमध्येही आहे. तिला काही आधार नाही. जठरातलं आम्ल साधारण कोलाइतकं किंवा त्याहून तीव्र असतं, आणि त्यातूनही हे जंतू निसटतात. वाहतं पाणी आपोआप शुद्ध होतं, ही आपल्याकडची समजूतही तितकीच धोक्याची.

मग झटपट चाचणी का नाही? जिवाणूंचा डीएनए शोधून मोजणाऱ्या पीसीआर चाचणीने काही तासांत उत्तर मिळतं, पण त्यात उन्हाने मेलेल्या जिवाणूंचा डीएनएही मोजला जातो. 5 जुलै 2025 पासून सेनमध्ये सर्वसामान्यांसाठी पोहण्याच्या जागा सुरू झाल्या. तिथे जोरदार पाऊस झाला की ट्रे चमकायची वाट न पाहता पोहणं बंद ठेवतात.