बिलावर दोन प्रोसेसर, स्क्रीनवर चाळीस : मोजणीच्या वादाची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पतसंस्थांत सर्व्हर बदलला की संचालकांच्या बैठकीत एक शंका हमखास निघते. बिलावर प्रोसेसर दोन, मशीन उघडलं तरी दोनच, आणि विंडोज दाखवतं ४०. हिशेब सरळ आहे. दोन चिप, प्रत्येकीत १० कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), प्रत्येक कोअरचे दोन थ्रेड (त्याच कोअरवर शेजारी चालणाऱ्या कामांच्या ओळी). ऑपरेटिंग सिस्टीम चिप मोजत नाही, एका वेळी कामं सोपवायला किती जागा आहेत ते मोजते. सॉफ्टवेअरच्या लायसनचे पैसे मात्र कशावर मोजायचे, हा वाद २००२ पासूनचा आहे आणि त्याची झळ आपल्या छोट्या संस्थांना अजून बसते.

एकाच सामग्रीवर अनेक प्रोसेसर चालवण्याची युक्ती १९६४ च्या सीडीसी ६६०० या महासंगणकातही होती. सर्वसामान्य सर्व्हरपर्यंत ती पोचली २००२ मध्ये, इंटेलच्या झिऑन या सर्व्हर चिपच्या हायपर-थ्रेडिंगमधून, म्हणजे एका कोअरवर दोन थ्रेड चालवण्याच्या सोयीतून. मेमरीतून माहिती येईपर्यंत कोअरचे गणिती भाग रिकामे बसतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका लेथवर दोन ऑपरेटर नेमले, एकाचा जॉब मापासाठी उतरला की दुसऱ्याचा चढला, तसं हे. लेथ एकच. रजिस्टर (चालू कामाचे आकडे ठेवायच्या जागा) प्रत्येक थ्रेडचे वेगळे, कॅश (चिपमधली छोटी वेगवान मेमरी) आणि गणिती भाग सामाईक. म्हणून दुप्पट संख्या दिसते, पण वेग दुप्पट होत नाही. बनवणाऱ्या इंटेलचाच दावा सुमारे ३० टक्क्यांपर्यंतचा होता.

अडचण झाली ती विंडोज २००० मुळे. ती हायपर-थ्रेडिंगच्या आधीची, त्यामुळे खरी चिप आणि तिचा दुसरा थ्रेड हा फरक तिला कळतच नव्हता. लायसनची मर्यादा मात्र प्रोसेसरवर होती: सर्व्हर आवृत्तीला ४, ॲडव्हान्स्ड सर्व्हरला ८. चार झिऑन लावलेल्या मशीनवर तिला आठ दिसायचे आणि साध्या आवृत्तीत त्यातले चारच वापरले जायचे. ते चार कुठले, हे बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामच्या) यादीवर ठरायचं. यादीत आधी प्रत्येक चिपचा पहिला थ्रेड असेल तर चारही चिप कामाला लागत. जोडीतले थ्रेड लागोपाठ लिहिले असतील तर दोन चिप नुसत्या बसून राहत. म्हणून पहिले थ्रेड आधी लिहायचा दंडक पडला. आजही अनेक झिऑन सर्व्हरवर लिनक्समध्ये जोडीदार थ्रेडचे क्रमांक एकदम मागे सापडतात, ते यामुळेच.

ग्राहकानं चार चिपचे पैसे मोजले होते. दुसऱ्या थ्रेडमुळे दिसणारे आभासी प्रोसेसर लायसनमध्ये धरून त्याला वरच्या, महागड्या आवृत्तीकडे ढकलणं अन्यायाचंच होतं. विंडोज सर्व्हर २००३ मध्ये ते सुधारलं, मर्यादा खऱ्या चिपवर आली. २००४ मध्ये अनेक कोअरची चिपसुद्धा लायसनसाठी एकच धरायचं ठरलं. हा दिलासा टिकला नाही. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसचं २०१२ पासून आणि विंडोज सर्व्हरचं २०१६ च्या आवृत्तीपासून लायसन कोअरवर गेलं, आणि दुसऱ्यात तर एका सर्व्हरला किमान १६ कोअरची अट आहे. तालुक्याच्या पतसंस्थेला ८ कोअर पुरत असले तरी पैसे १६ चे जातात. थ्रेड या मोजणीत धरले जात नाहीत, एवढं तरी बरं.

मधल्या काळात हायपर-थ्रेडिंग इंटेलच्या २००६ च्या ‘कोअर’ नावाच्या चिप मालिकेतून गेलं आणि २००८ मध्ये परतलं. २०१८ मध्ये सामाईक कॅशमधून माहिती फुटण्याचे दोष उघड झाले आणि ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमनं हायपर-थ्रेडिंग मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. इंटेलच्या २०२४ च्या काही नव्या चिपमध्ये ते नाहीच.

आता सर्व्हर क्लाउडवर भाड्यानं घेतात. तिथे ‘व्हीसीपीयू’ (भाड्याचा आभासी प्रोसेसर) म्हणजे बहुतेक वेळा एक थ्रेड, म्हणजे चार घेतले तर कोअर दोनच. करारावर सही करण्याआधी सॉकेट (चिप बसवायच्या जागा), कोअर आणि थ्रेड हे तीनही आकडे लेखी मागून घ्यावेत.