सर्दीची गोळी घेताय? प्रोस्टेटची चालू असेल तर आधी सांगा

बऱ्याच काकालोकांची तक्रार असते की साधी सर्दीची गोळी मागितली तर हा मेडिकलवाला वय काय, लघवीला त्रास आहे का, रात्रीची कुठली गोळी चालू आहे अशी सगळी चौकशी करतो. हो, करतो, आणि का करतो ते एकदाच लिहून देतोय, मागे लाइन लागलेली असताना प्रत्येकाला समजावणं होत नाही.

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, वयाबरोबर ती वाढली की लघवीला त्रास होतो. त्यासाठीच्या टॅमसुलोसिन, सिलोडोसिन, अल्फुझोसिन या गोळ्यांनी ही वाढलेली गाठ लहान होत नाही. प्रोस्टेटमधल्या आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या स्नायूंवर अल्फा रिसेप्टर नावाच्या जागा असतात, शरीरातलं नॉरअ‍ॅड्रिनॅलिन हे रसायन तिथे जाऊन बसलं की स्नायू आवळतात आणि लघवीची धार बारीक होते. गोळी एसटीत रुमाल टाकल्यासारखी ती जागा आधीच धरते, म्हणून थोड्याच दिवसांत मोकळं वाटायला लागतं. गाठ कमी करायचं काम ड्युटास्टेराइड, फिनास्टेराइडचं, त्या गोळ्या हार्मोनवर चालतात आणि फरक पडायला सहा महिनेही लागतात, तेव्हा महिन्याभरात "उपयोग नाही" म्हणून स्वतःहून बंद करू नका.

आता सर्दीची गोळी. बऱ्याच ब्रँडमधे फेनिलेफ्रिन असतं, नाक मोकळं करायला. ते नेमकं त्याच अल्फा रिसेप्टरवर जाऊन उलटं काम करतं, म्हणजे आवळतं. जोडीला क्लोरफेनिरामाइन, ज्याने झोप येते, ते मूत्राशयाचा जोर कमी करतं. तोंड आवळलेलं आणि मागून जोर नाही, मग एखाद्याची लघवी पूर्ण तुंबते, ओटीपोट टम्म होतं आणि नळी घालायला रात्री हॉस्पिटल गाठावं लागतं. सगळ्यांना होत नाही हे खरं, पण कोणाला होईल ते आधी कळत नाही ना. म्हणून विचारतो. अशांसाठी मिठाच्या पाण्याचे नाकात टाकायचे ड्रॉप्स आमच्याकडे कायम असतात, गोळीपेक्षा महागही नाहीत.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना टॅमसुलोसिनचं नक्की सांगा, पूर्वी घेऊन बंद केली असली तरी, कारण ऑपरेशनमधे बाहुली नीट मोठी राहत नाही. कॅप्सूल फोडून किंवा चावून घेऊ नका. रात्री उठताना आधी पलंगावर दोन मिनिटं बसा, चक्कर येऊ शकते.

आणि कृपा करून "ती केशरी कॅप्सूल द्या" म्हणू नका, केशरी रंगाच्या बऱ्याच आहेत. चिठ्ठीचा आणि रिकाम्या स्ट्रिपचा फोटो व्हॉट्सअ‍ॅप करा, स्ट्रिप संपायच्या चार दिवस आधी केलात तर संध्याकाळपर्यंत घरपोच येते.