अमेरिकेतल्या सरकारी मिडल स्कूलमधली मुलं आणि स्टाफ

अमेरिकेत मिडल स्कूल म्हणजे बहुतेक ठिकाणी सहावी ते आठवी, साधारण ११ ते १४ वर्षांची पोरं. कोण शिकतंय आणि शिकवायला किती जण आहेत याचे आकडे दरवर्षी स्कूल डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) आणि राज्यामार्फत एनसीईएस या शिक्षणाची आकडेवारी ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेकडे जातात, तिथे कुणालाही फुकट बघता येतात.

वंशाचे रकाने सात. आधी विचारतात हिस्पॅनिक, म्हणजे मूळ स्पॅनिशभाषक देशांतलं, आहेस का, हो म्हटलं की पुढे वंश काहीही सांगा, मोजणी हिस्पॅनिकमध्येच. भारतीय, चिनी, व्हिएतनामी सगळे एकाच एशियन रकान्यात, त्यामुळे तिथून फारसं काही कळत नाही. २०१४ च्या सुमारास सरकारी शाळांत गोऱ्या मुलांचं प्रमाण पहिल्यांदा निम्म्याखाली आलं, शिक्षक मात्र अजून दहातले आठ गोरेच. याची मुळं जुनी आहेत, १९५४ च्या ब्राऊन खटल्यात गोऱ्या-काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणं बेकायदा ठरलं, त्या निकालानंतर दक्षिणेत शाळा एकत्र करताना काळ्या मुलांच्या शाळा बंद केल्या आणि तिथल्या हजारो काळ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या.

गरिबी मोजायची ती लंचवरून. घरचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण फुकट, १८५ पर्यंत सवलतीत. पण २०१४-१५ पासून गरीब वस्तीतल्या शाळांना फॉर्म न भरून घेता सरसकट सगळ्यांना फुकट जेवण देता येतं, मग काही शाळांपुढे फुकट जेवणाच्या रकान्यात थेट १०० टक्के दिसतं, त्याचा अर्थ सगळीच मुलं गरीब असा नाही.

सगळ्यात फसवा आकडा म्हणजे स्टुडंट-टीचर रेशो, एका शिक्षकामागे किती मुलं. देशाची सरासरी १५-१६ च्या आसपास आहे, ते वाचून पालकांना वाटतं वर्गात पंधराच मुलं असणार! शिक्षक मोजतात एफटीईमध्ये, म्हणजे पूर्णवेळच्या हिशोबाने, पूर्णवेळ असेल तर १, अर्धवेळ असेल तर ०.५. समजा ६०० मुलं आणि ४० एफटीई, रेशो १५. पण मिडल स्कूलला विषयागणिक शिक्षक वेगळा, त्यामुळे कुठल्याही तासाला सातेक जणांचा प्लॅनिंग पिरियड (तयारीसाठीचा मोकळा तास) चालू असतो, आठेक जण स्पेशल एज्युकेशन किंवा इंग्रजी नवीन असलेल्या मुलांबरोबर छोट्या गटात, उरले २५, म्हणजे नेहमीच्या वर्गात वीस-बावीसच्या वरच मुलं बसणार.

समुपदेशक, नर्स, वर्गातले मदतनीस या रेशोत धरतच नाहीत. समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस २५० मुलांमागे एक अशी आहे, बऱ्याच राज्यांत एकेकाच्या वाट्याला त्याहून कितीतरी जास्त मुलं येतात.