--डेप्थ १ आलं कुठून

लिनक्स कर्नलचा रेपो (कोड आणि त्यातल्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवलेलं गोदाम) गिट ह्या कोडचे बदल सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरने पहिल्यांदा क्लोन मारला, म्हणजे पूर्ण कॉपी उतरवायला घेतली, तेव्हा माझ्याकडे नेटसाठी डोंगल होता. रात्रभर लॅपटॉप चालू ठेवून झोपलो, सकाळी उठून बघतो तर ऐंशी टक्क्यांच्या आसपास गाडी अडकलेली आणि खाली 'फेटल: अर्ली ईओएफ'. बरं, गिटचा क्लोन तुटला की तुटला, जिथे थांबला तिथून पुढे चालू करता येत नाही, परत पहिल्यापासून. तेव्हा कोणीतरी सांगितलं की अरे --डेप्थ १ लाव ना, म्हणजे इतिहास सोडून फक्त शेवटची अवस्था येईल, आणि काम झालं. पण मग प्रश्न पडला की हे आधीपासूनच असं का नाही, सगळा इतिहास मुळात माझ्या डोक्यावर कशाला?

तर आधी असं नव्हतंच. गिटच्या आधी हेच काम करणारं सीव्हीएस आणि नंतर सबव्हर्जन (१.० आलं २००४ ला) यांच्यात इतिहास सर्व्हरवर राहायचा, तुम्ही चेकआउट केलं, म्हणजे कोड मागवला, की फक्त आत्ताच्या फाइल्स यायच्या. सबव्हर्जन प्रत्येक फाइलची एक जास्तीची कॉपी लपवून ठेवायचं म्हणून जागा दुप्पट खायचं, पण मागच्या दहा वर्षांचे बदल काही गळ्यात पडत नव्हते. फक्त जुना लॉग बघायचा तरी नेट पाहिजे, कमिट करायचं, म्हणजे आपला बदल नोंदवायचा, तरी सर्व्हर जिवंत पाहिजे.

लिनक्सवाले २००२ पासून ह्याच कामासाठी बिटकीपर नावाचं एका कंपनीचं सॉफ्टवेअर वापरत होते, ते डिस्ट्रिब्युटेड, म्हणजे प्रत्येकाकडे पूर्ण रेपो. २००५ मध्ये अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या प्रोग्रामरने बिटकीपरच्या प्रोटोकॉलचं रिव्हर्स इंजिनियरिंग केल्यावरून, म्हणजे ते सर्व्हरशी कसं बोलतं हे बाहेरून उलगडल्यावरून, भांडण झालं, फुकट लायसन्स बंद झालं, आणि लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्सने एप्रिलमध्ये गिट लिहायला घेतलं. पहिल्या काही दिवसांतच ते स्वतःचाच कोड सांभाळायला लागलं.

आता खरी गंमत. १६ एप्रिल २००५ ला लिनसने कर्नल गिटमध्ये टाकला तेव्हा त्याने स्वतःच इतिहास आणला नाही! २.६.१२-आरसी२ ह्या आवृत्तीचा कोड एका कमिटमध्ये ओतला आणि मेसेजमध्ये सरळ लिहिलं की पूर्ण इतिहास आपल्याकडे आहे पण आत्ता त्याच्या नादी लागत नाही, गिटमध्ये आणला तर सुमारे ३.२ जीबी होतो, उगाच गुंता वाढेल, वाटलं तर नंतर वेगळा जुना रेपो बनवू. तसा तो नंतर बनला पण, थॉमस ग्लाइक्सनरने बनवलेला आहे, आणि 'ग्राफ्ट' नावाची सोय वापरून दोन्ही तुकडे आपल्या मशीनवर जोडता यायचे. एका फाइलमध्ये लिहायचं की ह्या कमिटचा बाप तो समज, आणि गिट मुकाट्याने ऐकायचं.

शॅलो क्लोन, म्हणजे --डेप्थ लावून घेतलेला अर्धवट इतिहासाचा क्लोन, हे ह्याचं उलटं. जोडायच्या ऐवजी तोडायचं. २००६ च्या शेवटाकडे योहानेस शिंडेलीनने ते काम केलं आणि फेब्रुवारी २००७ च्या गिट १.५.० मध्ये --डेप्थ आलं. आतली करामत अगदी साधी आहे: .गिट फोल्डरमध्ये 'शॅलो' नावाची एक फाइल असते, त्यात कमिटचे आयडी, आणि त्या यादीतल्या कमिटला आईबाप नाहीत असं गिट धरून चालतं. बस एवढंच. कमिटच्या आत खऱ्या बापाचा आयडी लिहिलेलाच असतो, फक्त तिकडे बघायचं नाही असं ठरलेलं.

पण सुरुवातीचा शॅलो रेपो म्हणजे एकदम लंगडा प्रकार. त्यातून पुढे क्लोन नाही, त्यातून पुश नाही (आपले बदल दुसऱ्या रेपोत पाठवणं नाही), म्हणजे बघा, कंपाइल करा आणि फेकून द्या. हे बंधन उठायला फेब्रुवारी २०१४ उजाडलं, गिट १.९ मध्ये, आणि ते काम मुख्यतः न्गुयेन थाय न्गोक जुय यांचं. मधे सिंगल ब्रांच (कोडची एकच शाखा आणायची) आलं, अनशॅलो (तोडलेला इतिहास नंतर पूर्ण आणायचा) आलं, आणि २०१६ ला तारीख देऊन इतिहास कापायची सोय आली, जी मला अजून सगळ्यात कामाची वाटते कारण 'शेवटचे ५० कमिट' ह्याला काही अर्थच नसतो, बिझी रेपोत ते एका दुपारचे असतात.

तोपर्यंत सीआयवाल्यांनी, म्हणजे प्रत्येक बदलानंतर तात्पुरत्या मशीनवर कोड आपोआप तपासणाऱ्या सेवांनी, हे उचललेलं होतं. त्यातली ट्रॅव्हिस डिफॉल्टला ५० डेप्थ मारायचं, नंतर गिटहब (गिटचे रेपो ठेवणारी साइट) ॲक्शन्सचं चेकआउट तर एकच कमिट आणायला लागलं. तिथे ठीक आहे, मशीन पाच मिनिटांत मरणार असतं. वांधा झाला तो पॅकेज मॅनेजरांचा, म्हणजे तयार कोड शोधून बसवून देणाऱ्या साधनांचा. त्यातलं आयफोन ॲपवाल्यांचं कोकोपॉड्स आपली यादी गिटहबवरच्या एका रेपोत ठेवायचं, तो शॅलो क्लोन करायचं आणि मग त्याच क्लोनमध्ये पुन्हा पुन्हा फेच मारायचं, म्हणजे नवीन बदल मागवायचं. उथळ पाण्याला खळखळाट फार, तसंच. कारण नेहमीच्या फेचमध्ये तुमच्याकडे अमुक कमिट आहे म्हटलं की सर्व्हर समजतो मागचं सगळं आहेच. शॅलोवाल्याचं तसं नाही, त्याची वही मधूनच फाडलेली, मग काय आहे आणि काय नाही ह्याचा हिशोब दरवेळी सर्व्हरने बसून करायचा. त्यात एकाच फोल्डरमध्ये १६ हजारांच्या वर एंट्र्या. २०१६ ला गिटहबने त्यांच्या रिक्वेस्ट आवरत्या घेतल्या आणि सांगितलं की बाबांनो शॅलो सोडा आणि फोल्डर फोडा. मॅकवरच्या होमब्रू ह्या पॅकेज मॅनेजरला पण पुढे गिटहबच्याच सांगण्यावरून शॅलो रेपोचं अपडेट बंद करावं लागलं, आधी अनशॅलो करा मग या. म्हणजे आपलं नेट वाचलं ते दुसऱ्याच्या सीपीयूवर.

दुसरीकडे मायक्रोसॉफ्ट २०१७ ला विंडोजचा कोड गिटमध्ये आणत होती, साधारण ३०० जीबी, ३५ लाख फाइल्स, क्लोनला बारा तासांच्या वर. त्यांना इतिहास कापून चालणारच नव्हतं, हजारो लोक त्यात रोज मर्ज करणार. त्यांनी आधी व्हर्च्युअल फाइल सिस्टिमचा मोठा घाट घातला, आणि साधारण त्याच काळात गूगल आणि मायक्रोसॉफ्टच्या लोकांच्या कामातून मूळ गिटमध्ये पार्शल क्लोन आलं. --फिल्टर=ब्लॉब:नन लावलं की सगळे कमिट येतात पण जुन्या फाइल्सचा मजकूर लागेल तेव्हाच येतो. मी आता रोजच्या कामाला हेच वापरतो. लॉग पूर्ण दिसतो, नेट मात्र लागतं, म्हणजे थोडंफार सबव्हर्जनच्या दारात परत आल्यासारखं आहे.

--डेप्थ १ मध्ये एकदा ब्लेम (कुठली ओळ कोणी, कधी लिहिली हे दाखवणारी कमांड) मारून बघा. दहा वर्षांपूर्वीची ओळ असो की कालची, सगळ्यांपुढे शेवटचा कमिट करणाऱ्याचंच नाव, आणि आयडीच्या आधी एक छोटं टोपीचं चिन्ह (^), म्हणजे 'ह्याच्या मागे मला माहीत नाही'. मी एकदा ह्यावरून टीममधल्या एका बिचाऱ्या नवीन मुलीला विचारलं की हे सगळं तू लिहिलंस का, ती घाबरलीच. आणि मग कर्नलचा पूर्ण क्लोन घेऊन एखाद्या जुन्या ड्रायव्हरवर ब्लेम मारा. ओळीच्या ओळी, तीच टोपी, लिनस टोरवाल्ड्स, १६ एप्रिल २००५.