मनगटावरची कॅलरी येते कुठून?

सकाळी उठून अजून चूळही भरलेली नसते आणि मनगटावरचा फिटनेस बँड सांगतो, आज 300 कॅलरी खर्च झाल्या. नवीन बँड घेतलेल्यांना हा बिघाड वाटतो. तो बिघाड नसतो. रात्रभर हृदय, मेंदू, यकृत चालू ठेवायला शरीर जे इंधन वापरतं, ते काही कंपन्या मध्यरात्रीपासूनच बेरजेत धरतात. काही कंपन्या मात्र हालचालीचा खर्च तेवढा वेगळा दाखवतात. एकाच बागेत बरोबरीनं चालणाऱ्या दोघींपैकी एकीचा बँड संध्याकाळी 1,600 म्हणतो आणि दुसरीचा 280, त्यामागे बहुतेक वेळा एवढंच कारण असतं.

झोपेतला हा खर्च बँडला कळतो कसा? तो मोजत नाहीच. मोजायचा तर शरीरातून बाहेर पडणारी सगळी उष्णता पकडावी लागते, नाहीतर श्वासावाटे किती ऑक्सिजन वापरला गेला ते पाहावं लागतं. यातलं काहीच मनगटावर होत नाही. बँडमधला एसपीओ-टू हा आकडा रक्तात ऑक्सिजन किती टक्के भरलेला आहे ते सांगतो, शरीरानं किती वापरला ते नाही. ही गल्लत दुकानदारही सर्रास करतात. बँडकडे असतं ते आपणच ॲपमध्ये भरलेलं वय, उंची, वजन आणि लिंग, आणि त्यावर चालवायचं एक सूत्र. ते सूत्र कुणाच्या शरीरांवरून बेतलं गेलं, ही कहाणी बँडपेक्षा बरीच जुनी आहे.

सुरुवात पॅरिसमध्ये, 1780 च्या दशकात झाली. रसायनशास्त्रज्ञ आंत्वान लाव्हाझिए आणि गणिती लाप्लास यांनी बर्फाचं अस्तर असलेल्या भांड्यात एक गिनीपिग ठेवला आणि त्याच्या अंगच्या उष्णतेनं किती बर्फ वितळतो ते पाहिलं. त्या प्राण्यानं उच्छ्वासावाटे सोडलेला वायू आणि तेवढाच वायू सोडणाऱ्या जळत्या कोळशाची उष्णता यांची तुलना केल्यावर निष्कर्ष निघाला की श्वसन म्हणजे मंद ज्वलनच. पुढे लाव्हाझिएनं आपला सहकारी आर्मां सेगँ याच्या तोंडावर मुखवटा बसवला, त्याला पायानं वजन उचलायला लावलं आणि कष्टाबरोबर ऑक्सिजनचा वापर कसा वाढतो ते नोंदवलं. या प्रयोगांची चित्रं लाव्हाझिएची पत्नी मारी-आन हिनं काढली आणि स्वतःलाही एका कोपऱ्यात टेबलाशी टिपणं घेताना दाखवलं. 1794 मध्ये क्रांतीच्या धामधुमीत लाव्हाझिएचा शिरच्छेद झाला. पण ‘कॅलरी जाळणं’ हे जे आपण आज सहज म्हणतो, त्यातल्या ‘जाळणं’ला शास्त्राचा आधार त्यानं दिला.

माणसाला अख्खा मोजायचं काम शंभर वर्षांनी अमेरिकेत झालं. कनेटिकट राज्यातल्या वेस्लियन विद्यापीठात विल्बर ॲटवॉटर आणि भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड रोझा यांनी 1890 च्या दशकात माणूस आत राहू शकेल असा उष्मामापी उभारला. तांब्याची आणि जस्ताची दुहेरी भिंत असलेली हवाबंद खोली, आत घडीची खाट, खुर्ची, टेबल. जेवण एका छोट्या झडपेतून आत जायचं, मलमूत्र तसंच बाहेर यायचं, आणि दोन्हीचं पृथक्करण व्हायचं. खोलीत फिरवलेल्या नळ्यांमधून थंड पाणी वाहायचं. आत जाताना आणि बाहेर येताना त्या पाण्याच्या तापमानात जो फरक पडायचा, त्यावरून आतल्या माणसाची उष्णता निघायची. माणूस कित्येक दिवस आत राहायचा. कधी नुसता पडून, कधी पुस्तक वाचत, कधी जागच्या जागी सायकल मारत. आत गेलेलं इंधन आणि बाहेर आलेली उष्णता व काम यांचा हिशेब जवळजवळ तंतोतंत जुळला. बिस्किटाच्या पुड्यावर आज जे छापलेलं असतं, त्यामागचे प्रथिनं आणि कर्बोदकं यांच्या ग्रॅममागे 4 आणि चरबीच्या ग्रॅममागे 9 कॅलरी हे आकडेही ॲटवॉटरच्याच कामातून आले.

कॅलरी खरोखर मोजायची म्हणजे हे एवढं करायचं. पुढची सगळी धडपड या खोलीतून बाहेर पडण्याची आहे, आणि प्रत्येक टप्प्यावर अचूकता थोडी सोडून सोय पदरात पाडून घेतलेली आहे. 1911 मध्ये इंग्लंडच्या सी. जी. डग्लसनं पाठीवर बांधायची पिशवी आणली. तिच्यात उच्छ्वास साठवून नंतर तपासता येऊ लागला, त्यामुळे माणूस चालता-चढता मोजता आला. 1949 मध्ये वीअर यांनी ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडच्या आकड्यांवरून कॅलरी काढायचं सुटसुटीत समीकरण दिलं. ते आजही प्रयोगशाळांत वापरतात.

बँडच्या दृष्टीनं कळीचा माणूस मात्र फ्रान्सिस बेनेडिक्ट. तो ॲटवॉटरच्या हाताखाली तयार झाला आणि पुढे बोस्टनच्या कार्नेगी पोषण प्रयोगशाळेचा प्रमुख झाला. तिथे त्यानं निरोगी माणसांना उपाशीपोटी, शांत पडवून त्यांचा ऑक्सिजन मोजला. 136 पुरुष आणि 103 स्त्रिया. संख्याशास्त्रज्ञ जेम्स आर्थर हॅरिसच्या मदतीनं त्यानं या नोंदींवरून वजन, उंची आणि वय यांचं सूत्र बसवलं. 1918-19 मध्ये ते प्रसिद्ध झालं. डॉक्टर, आहारतज्ज्ञ, जिमची यंत्रं आणि नंतर ॲप, सगळ्यांनी ते उचललं. 1990 मध्ये मिफ्लिन आणि सेंट जॉर यांचं सुधारित सूत्र आलं. तेही अमेरिकन लोकांच्याच मोजमापांवर बेतलेलं.

दोन सूत्रांतला फरक किरकोळ नाही. 45 वर्षांची, 155 सेंटिमीटर उंचीची, 60 किलो वजनाची बाई धरू. हॅरिस-बेनेडिक्टप्रमाणे नुसतं पडून राहिली तरी तिचा दिवसाचा खर्च सुमारे 1,305 कॅलरी. मिफ्लिनप्रमाणे 1,183. बाई तीच, आडवी पडलेलीही तशीच, आणि फरक 122 कॅलरींचा. तेवढ्या जास्तीच्या कॅलरी खर्च करायला तिला ताशी 5 किलोमीटरच्या वेगानं जवळपास 50 मिनिटं चालावं लागेल. कंपनीनं आत कोणतं सूत्र घातलंय यावर तिची रोजची संध्याकाळची फेरी खात्यात जमा होते किंवा गायब होते.

ही सूत्रं आपल्याकडे लागू पडत नाहीत हेही लवकरच ध्यानात आलं होतं. मद्रासच्या विमेन्स ख्रिश्चन कॉलेजात शिकवणाऱ्या एलिनॉर मेसन यांनी दक्षिण भारतीय स्त्रियांचा मूलभूत चयापचय दर, म्हणजे नुसतं पडून असतानाचा खर्च, मोजला. 1931 च्या त्या निबंधावर सहलेखक म्हणून नाव आहे ते खुद्द बेनेडिक्टचं. अमेरिकन मापदंडांपेक्षा या स्त्रियांचा दर चांगलाच कमी निघाला. म्हणजे सूत्राच्या कर्त्यानंच सूत्राची मर्यादा पाहिली होती. पुढे 1985 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी जगासाठी म्हणून जी समीकरणं स्वीकारली, त्यामागच्या जवळपास निम्म्या नोंदी इटालियन लोकांच्या होत्या. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ गटानं भारतीयांसाठी तो आकडा 5 टक्के कमी धरला. आपण ॲपमध्ये देश ‘भारत’ निवडतो तेव्हा भाषा आणि वेळ बदलते. ही 5 टक्क्यांची वजावट होते असं मात्र कोणती कंपनी सांगताना दिसत नाही.

फरकाचं एक कारण पुण्यात मिळतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच दाखला दिला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. बसल्या जागी स्नायू चरबीपेक्षा जास्त इंधन खातात. वजन आणि उंची एवढंच पाहणाऱ्या सूत्राला हे दोन डॉक्टर एकसारखेच दिसणार.

हा झाला विश्रांतीचा भाग. हालचालीचा हिशेब वेगळ्या वाटेनं आला. जपानमध्ये 1964 च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर, 1965 मध्ये ‘मानपो-केई’ नावाचा पावलं मोजणारा यंत्रगडी बाजारात आला आणि रोजच्या 10,000 पावलांचा मंत्र तिथूनच सुरू झाला. 1980 च्या दशकात अमेरिकेत ‘कॅल्ट्रॅक’ आला. कमरेला लावायचं, आत हालचालीचा धक्का टिपणारा सेन्सर, आणि सुरुवातीला वय-उंची-वजन भरायचं. पडद्यावर थेट कॅलरी. आजच्या बँडचा सांगाडा तेव्हाच तयार होता. 1993 मध्ये बार्बरा एन्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी कामांची मोठी यादी प्रसिद्ध केली. झाडू मारणं, जिने चढणं, पोहणं, प्रत्येकाला एक ‘मेट’ आकडा, म्हणजे विश्रांतीच्या किती पट खर्च. एक मेट म्हणजे किलोमागे मिनिटाला 3.5 मिलिलीटर ऑक्सिजन, असं ठरलेलं आहे. 2005 च्या एका अभ्यासात 769 जणांना प्रत्यक्ष मोजलं तेव्हा सरासरी निघाली 2.6 च्या आसपास. म्हणजे मोजपट्टीचं पहिलं टोकच सैल.

मनगटावरच्या सेन्सरची आणखी एक अडचण घरात रोज दिसते. पोळ्या लाटताना हात पुढे-मागे होतो, बँड पावलं मोजतो. पाण्याची कळशी कडेवर धरून चढ चढताना हात घट्ट असतो, बँडला ते चालणं वाटतच नाही. हे भरून काढायला नाडी आली. फिनलंडच्या पोलर कंपनीनं 1982 मध्ये छातीच्या पट्ट्यावरून मनगटी घड्याळाकडे बिनतारी ठोके पाठवले. ते छातीवरचे विद्युत स्पंद असल्यामुळे भरवशाचे. मनगटावरचा हिरवा दिवा वेगळं करतो. त्वचेखालच्या रक्तात किती प्रकाश शोषला जातो हे पाहून तो ठोके ओळखतो. या तत्त्वावर अल्रिक हर्ट्झमन यांनी 1930 च्या दशकातच काम केलं होतं. मात्र नाडी म्हणजे कष्ट नव्हेत. कडक चहा, इंटरव्ह्यूची धाकधूक, मे महिन्यातला कोकणातला उकाडा, सगळ्यानं ती चढते, आणि बँड त्यालाही कॅलरी लावतो.

बाजाराचा इतिहास थोडक्यात आटोपतो. पिट्सबर्गच्या बॉडीमीडियानं दंडाला बांधायच्या पट्टीत त्वचेतून जाणारी उष्णताही टिपली होती. तो विचार चांगला होता, पण दंडावर पट्टी कोण बांधणार? 2007 मध्ये फिटबिट स्थापन झाली, 2014 मध्ये शाओमीचा स्वस्त बँड आला, 2015 मध्ये ॲपलचं घड्याळ, 2021 मध्ये फिटबिट गूगलकडे गेली. प्रत्येकीचं कॅलरीचं गणित मात्र तिजोरीत.

म्हणूनच बाहेरून तपासणी झाली ती महत्त्वाची. 2017 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 60 जणांच्या मनगटावर सात उपकरणं बांधून त्यांना चालवलं, पळवलं, सायकल मारायला लावली आणि त्यांच्या श्वासाच्या तपासणीशी आकडे ताडून पाहिले. सातांपैकी सहा उपकरणांची नाडी 5 टक्क्यांच्या आत बरोबर. कॅलरीत सगळ्यात चांगलं उपकरणही सरासरी 27 टक्के चुकलं, सगळ्यात वाईट 93 टक्के. सावळी त्वचा आणि जास्त बीएमआय असलेल्यांत चूक वाढत होती. आपल्याकडच्या ग्राहकानं ही ओळ दोनदा वाचावी. त्याआधी 2016 मध्ये अमेरिकेतल्या 471 जणांवरच्या दोन वर्षांच्या अभ्यासात, आहार-व्यायामाच्या मार्गदर्शनाबरोबर ट्रॅकर वापरणाऱ्यांचं वजन सरासरी 3.5 किलो उतरलं आणि ट्रॅकर नसलेल्यांचं 5.9 किलो. ट्रॅकर तिथे बॉडीमीडियाचाच, म्हणजे उष्णता टिपणारा होता.

हे सगळं पाहता माझं मत सरळ आहे. कॅलरीचा आकडा चांगला दाखवतो म्हणून बँड घेऊ नये, कारण त्या बाबतीत महागाचा आणि स्वस्ताचा यांत म्हणावा तेवढा फरक नाही. नाडी स्थिर दाखवतो का, पट्टा मनगटाच्या हाडाच्या वर, कोपराच्या बाजूला, नीट बसतो का, छातीचा पट्टा जोडता येतो का, विश्रांतीचा आणि हालचालीचा खर्च वेगळा दाखवतो का, हे पाहावं. वजन बदललं की ॲपमध्येही बदलावं, नाहीतर सूत्र जुन्याच माणसाचा हिशेब करत बसतं. आणि ‘आज 400 जाळल्या’ म्हणून रात्री जिलबीचं ताट पुढे ओढू नये. त्या 400 मधल्या बऱ्याचशा एरवी सोफ्यावर बसूनही खर्च झाल्याच असत्या.

स्वतःचा खरा खर्च जाणून घ्यायचाच असेल तर घरी एकच मार्ग बरा चालतो, आणि तो ॲटवॉटरच्या खोलीतलाच हिशेब उलटा मांडल्यासारखा आहे. तीन-चार आठवडे तेलाच्या चमच्यासकट जे खाल्लं ते प्रामाणिकपणे लिहायचं आणि रोज सकाळी उपाशीपोटी वजन करायचं. वजन जागचं हललं नाही, तर रोज सरासरी जेवढं खाल्लं, साधारण तेवढाच आपला खर्च. तो आकडा आणि बँडचा आकडा शेजारी ठेवले की आपला बँड किती फुगवून किंवा आखडून सांगतो ते कळतं, आणि पुढे तेवढी वजाबाकी मनातल्या मनात करता येते.