कार्टून मालिकेचं मूळ चित्र फ्रेमला देण्याआधी

पूर्वी आमच्याकडे फ्रेमसाठी यायचे ते देवादिकांचे फोटो, लग्नातले फोटो आणि पदवीची प्रमाणपत्रं. आता कॉलेजातली मुलं-मुली पुठ्ठ्याच्या लांब नळ्या घेऊन येतात. आत जपानहून मागवलेलं पोस्टर असतं, एखाद्या ॲनिमे (जपानी कार्टून) मालिकेच्या आर्टबुकातलं पान असतं, आणि कधीतरी खरोखरचा सेलही असतो. पैसे साठवून, महिनाभर वाट पाहून आणलेली वस्तू आमच्या हातात देताना तुम्हाला काय माहीत असायला हवं, ते इथे लिहिलं आहे.

सुरुवात सेलपासून करू, कारण सगळ्यात जास्त काळजी त्यालाच लागते. सेल म्हणजे कार्टून बनवताना रंगवलेला पारदर्शक प्लास्टिकचा ताव. त्याच्या दर्शनी बाजूला पात्राच्या रेषा असतात आणि रंग मागच्या बाजूने भरलेला असतो. हा ताव पार्श्वभूमीच्या चित्रावर ठेवून कॅमेऱ्याने टिपायचा, मग पुढचा. दूरदर्शनवर रविवारी सकाळी आपण पाहिलेला मोगली याच पद्धतीने झाला. ती मूळची १९८९ ची जपानी मालिका, ५२ भागांची, सगळी हाताने रंगवलेली. २००० च्या आसपास बहुतेक जपानी स्टुडिओ संगणकावर रंग भरू लागले. ‘साझाए-सान’ ही मालिका तेवढी २०१३ पर्यंत सेलवर टिकून होती. आपल्याकडचे २००८ चा छोटा भीम आणि २०१२ चे मोटू-पतलू संगणकावरच झाले, त्यामुळे त्यांचा ‘मूळ सेल’ कुणी विकत असेल तर घेऊ नका. तसा सेल कधी बनलेलाच नाही.

सेल खरा आहे का, हे पाहायला तो उलटा करा. हाताने भरलेला रंग मागून थोडा जाड-पातळ दिसतो, एका कडेला ताव जागेवर बसवायच्या खुंट्यांसाठी पाडलेली भोकं असतात आणि कोपऱ्यात क्रमांक असतो. रंग अगदी एकसारखा सपाट असेल आणि आवृत्तीचा आकडा छापलेला असेल, तर तो बहुधा स्क्रीन प्रिंटिंगने संग्राहकांसाठी काढलेला सेल असतो. तोही अधिकृत आणि सुंदर असू शकतो, फक्त तो कॅमेऱ्याखाली गेलेला नसतो. किंमत देताना हा फरक लक्षात असू द्या.

पुष्कळ सेलच्या मागे पेन्सिलचं रेखाचित्र चिकटून आलेलं असतं. दमट हवेत रंग ओलसर होऊन कागद धरतो. तो ओढून काढू नका! कागदाबरोबर रंगाचा पापुद्रा येतो आणि पात्राच्या गालावर भोक पडतं. चिकटलंय तसंच फ्रेम करता येतं.

सेलला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ताबडतोब इतर चित्रांपासून वेगळा ठेवा. सेलचं प्लास्टिक, म्हणजे सेल्युलोज ॲसिटेट, कुजायला लागलं की ॲसेटिक आम्ल सुटतं, आणि ते शेजारच्या सेललाही लवकर बिघडवतं. ताव आकसतो, रंग आकसत नाही, म्हणून तडे जातात. हे थांबवता येत नाही, पण थंड, कोरड्या आणि हवा खेळत्या जागी ठेवल्यास त्याचा वेग कमी होतो. असा सेल आम्ही काचेआड बंद करून देत नाही.

आता पोस्टर. जपानी बी-२ पोस्टर ५१५ × ७२८ मिलिमीटरचं असतं आणि ऑनलाइन मिळणारी तयार बी-२ फ्रेम बहुतेकदा ५०० × ७०७ ची, म्हणजे थोडी लहान. फ्रेमच्या मापात बसवायला कडा कापलेली पोस्टरं आम्ही पाहिली आहेत. कडेला छापलेली हक्कांची ओळ त्यातच जाते. फ्रेम पोस्टरच्या मापाची करा, पोस्टर फ्रेमच्या मापाचं करू नका.

लॅमिनेशन करून मागितलंत तर आम्ही नाही म्हणू. राग मानू नका. उष्णतेने चिकटवलेलं प्लास्टिक चित्राला धक्का न लावता पुन्हा निघत नाही. फार वर्षांपूर्वी आम्हीच एका ग्राहकाचं चित्र दुहेरी टेपने हार्डबोर्डवर बसवून दिलं होतं. ते परत आलं तेव्हा टेपच्या जागी तपकिरी पट्टे उमटले होते आणि चित्र सोडवता आलं नाही. तेव्हापासून आमच्याकडे एकच नियम आहे: जे परत काढता येणार नाही ते मूळ चित्राला लावायचं नाही. आता आम्ही चित्रामागे आम्लरहित माउंट बोर्ड (पुठ्ठा) वापरतो, जपानी कागदाच्या छोट्या पट्ट्या गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावतो आणि काच चित्राला टेकू देत नाही. खळ पाण्याने सुटते. सेलला मात्र खळही नाही, तो नुसता कोपऱ्यांत धरायचा.

यूव्ही काच (उन्हातले अतिनील किरण अडवणारी) घ्या, पण ती लावली म्हणजे चित्र उन्हात टांगायला मोकळे झालो असं नाही. साध्या उजेडानेही रंग उडतात. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत आणि गोदाकाठच्या घरांत पावसाळ्यात भिंतीला ओल येते. तिथे बाहेरची भिंत टाळा आणि फ्रेमच्या मागे बुचाचे तुकडे लावून हवेला वाट ठेवा. मुसळधार पावसाच्या दिवशी आम्ही फ्रेमची पाठ बंद करत नाही, कारण ओलावा आतच कोंडतो. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये काम द्यायला वेळ लागतो.

कपाटात ठेवायचं असेल तर पॉलिप्रॉपिलीनची किंवा पॉलिएस्टरची पाकिटं वापरा, पीव्हीसीची नकोत. डांबराच्या गोळ्या सेलजवळ ठेवू नका, त्यांच्या वाफेने प्लास्टिक मऊ पडू शकतं. कसर लागू नये म्हणून जागा कोरडी ठेवणं आणि महिन्यातून एकदा उघडून पाहणं पुरेसं आहे.

अधिकृत चित्र फाइलच्या रूपात असेल आणि आमच्याकडून छापून घ्यायचं असेल तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, त्यात ते लहान होतं; डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ए-४ छपाईसाठी २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात. चित्र विकत घेतलं तरी त्याचे हक्क निर्मात्याकडेच राहतात, म्हणून विक्रीसाठी प्रती आम्ही छापत नाही.

येताना बिल, प्रमाणपत्र आणि मूळ पाकीट आणा. त्यांच्यासाठी फ्रेमच्या मागे आम्ही वेगळा कप्पा करून देतो. नळीतलं पोस्टर घरी इस्त्री करून सपाट करू नका, नळीसकट आणा. सेल रिक्षातून आणताना मांडीवर आडवा धरा, आणि उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत मुळीच ठेवू नका.