भूगणितीय डेटम : एव्हरेस्ट आणि डब्ल्यूजीएस ८४

अक्षांश, रेखांश आणि उंची कशाच्या आधाराने मोजायची हे ठरवणारी चौकट म्हणजे भूगणितीय डेटम. पृथ्वीचा खरा आकार ओबडधोबड आहे. त्यामुळे गणितासाठी तिच्या जागी ध्रुवांकडे किंचित चपटा असा विवृत्ताभ धरतात. त्याची मापे आणि तो पृथ्वीवर कसा बसवला, या दोन्ही गोष्टी मिळून डेटम ठरतो. यांपैकी एकही बदलली की हद्दीचा दगड जागेवरून न हलताही त्याचे अक्षांश-रेखांश बदलतात.

भारताच्या जुन्या नकाशांचा पाया ब्रिटिश सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्टचा १८३०चा विवृत्ताभ हा होता. विल्यम लॅम्टन या ब्रिटिश सर्वेक्षकाने १८०२मध्ये मद्रासजवळ सुरू केलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातून तो आकाराला आला आणि त्याचा आरंभबिंदू मध्य प्रदेशात सिरोंजजवळ कल्याणपूर येथे धरला गेला. त्याची विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ६३,७७,२७६ मीटर. उपग्रहांच्या आधारे ठरलेल्या आणि जीपीएस वापरत असलेल्या डब्ल्यूजीएस ८४ (वर्ल्ड जिओडेटिक सिस्टिम, १९८४) या डेटममध्ये ती ६३,७८,१३७ मीटर, म्हणजे ८६१ मीटरने जास्त आहे. शिवाय डब्ल्यूजीएस ८४चे केंद्र पृथ्वीच्या वस्तुमानकेंद्राशी जुळवलेले आहे, एव्हरेस्टचे त्यापासून काही शे मीटर दूर पडते. पण तेवढ्यावरून जुन्या डेटमला सदोष म्हणणे अन्यायाचे ठरेल. तो भारतीय उपखंडापुरता नीट बसावा म्हणूनच निवडलेला होता.

तो बसवताना भरवसा ओळंब्यावर होता, आणि ओळंबा आजूबाजूच्या वस्तुमानाकडे ओढला जातो. कल्याणपूर आणि उत्तरेकडील कलियाना यांच्या अक्षांशांतील फरक ताऱ्यांवरून एक आला, त्रिकोणांच्या साखळीवरून दुसरा. दोहोंत ५.२४ सेकंदांची, म्हणजे जमिनीवर सुमारे १६० मीटरची तफावत होती. कलकत्त्याचे धर्माधिकारी आणि गणितज्ञ जॉन प्रॅट यांनी १८५५मध्ये हिमालयाचे आकर्षण हिशेबात घेतले, तर तफावत याच्या तिप्पट यायला हवी होती. डोंगराखालचे वस्तुमान हलके असले पाहिजे, हा समस्थायित्वाचा विचार या कोड्यातून पुढे आला.

महाराष्ट्रात या दोन डेटममधील आडवा फरक साधारण शंभर ते दीडशे मीटर भरतो. जुन्या टोपोशीटवरून (सर्वेक्षण खात्याच्या भूस्वरूपदर्शक नकाशावरून) वाचलेले अक्षांश-रेखांश तसेच जीपीएसमध्ये भरले तर माणूस तेवढाच लांब जाऊन उभा राहतो. उपकरण सेंटिमीटरपर्यंत अचूक असले, निरीक्षणे कितीही वेळा घेतली, तरी ही चूक सरासरीने कमी होत नाही. लहान क्षेत्रात सगळे बिंदू जवळपास सारखेच सरकत असल्याने अंतरे आणि क्षेत्रफळ बरोबरच येतात. वेगवेगळ्या डेटमचे दोन नकाशे एकमेकांवर ठेवल्यावरच ही चूक उघडी पडते. रूपांतराची सूत्रे आहेत, पण जुन्या त्रिकोणजाळ्यातच ठिकठिकाणी ताण असल्याने सगळ्या देशाला एकच संच लावला की काही मीटरची चूक उरतेच. नेमक्या कामाला दोन्ही डेटममध्ये माहीत असलेले स्थानिक बिंदू लागतात. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार लोकांसाठीचे नकाशे डब्ल्यूजीएस ८४वर निघू लागले.

उंचीचा डेटम वेगळा असतो. जीपीएस विवृत्ताभापासूनची उंची देतो, कालवा किंवा रस्ता आखताना मात्र सरासरी समुद्रसपाटीपासूनची लागते. मुंबईच्या परिसरात या दोहोंत साठ मीटरच्या आसपास फरक आहे. लाउफेनबुर्ग येथील ऱ्हाइनवरच्या पुलाच्या कामात जर्मन आणि स्विस समुद्रसपाटीतला २७ सेंटिमीटरचा फरक ठाऊक होता, पण तो उलट चिन्हाने धरला गेला आणि २००३मध्ये दोन काठांच्या पातळ्यांत ५४ सेंटिमीटरचे अंतर निघाले.

भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकत असल्याने अचूक कामात डेटमबरोबर निरीक्षणाचा काळही नोंदवावा लागतो. महाराष्ट्रातील शंकू-साखळीने किंवा प्लेन टेबलने काढलेल्या जुन्या गाव नकाशांचा प्रश्न त्याहून अवघड आहे. त्यांतील बहुतेकांना कोणताच डेटम नाही. म्हणून रोव्हरने, म्हणजे हातात घेऊन फिरवायच्या अचूक जीपीएस यंत्राने, मोजणी करताना त्यांचा मेळ सूत्राने बसत नाही. आधी जागेवर टिकलेले हद्दीचे दगड शोधून त्यांच्याशी जुळवणी करावी लागते.